रूळ आणि रॉकेल

माझे थोरले बंधू अण्णा 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. ते दिवस कसे होते हे येथे पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. पुढील वर्षी वहिनी पुण्यास लेकीकडे राहावयास गेल्या आणि लष्करातील त्यांचे भाड्याचे घर रिकामे करण्याचे काम माझ्याकडे आले. भांडी नातेवाइकांत वाटली गेली, पुस्तके वाचनालयात गेली, कपडे ज्यांना द्यावयाचे त्यांना दिले. शेवटी उरली ती अण्णांची रेल्वे. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा प्लायवुडच्या फळीवर बसविलेली ती खेळण्यातील गाडी पुण्याच्या दोन खोल्यांत मावण्यासारखी नव्हती. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याकडे राहू द्या. मोडीत मात्र घालू नका.” मी ती घरी आणली.

‘खेळण्यातील गाडी’ हा शब्द अण्णांना आवडत नसे. ते ‘प्रतिकृती’ म्हणत. हा नाद त्यांना कोठून लागला हे ग्वाल्हेरच्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल. जयविलास प्रासादातील संग्रहालय 1964 साली लोकांसाठी खुले झाले. त्यानंतर दोनएक वर्षांनी वडील आम्हा दोघांना तेथे घेऊन गेले. भोजनगृहातील त्या लांबलचक मेजावर रुळांवर उभी असलेली शिंदे सरकारांची चांदीची आगगाडी आम्ही पाहिली. पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन ती फिरे, कोणी सुरई उचलली की थांबे आणि परत ठेवली की चालू लागे, असे तेथील माणसाने सांगितले. मी सात वर्षांचा होतो. मला चांदी दिसली. अण्णा चौदा वर्षांचे होते, त्यांनी विचारले, “थांबते कशी?” विजेचा प्रवाह रुळांतून येतो आणि सुरई उचलताच तो तुटतो, हे उत्तर त्यांनी घरी येऊन स्वतःच शोधले आणि रात्री जेवताना सर्वांना सांगितले.

पुढे अण्णा सिंचन खात्यात मानचित्रकार झाले. चंबळच्या कालव्याच्या कामावर त्यांची पहिली नेमणूक सबलगढला झाली. लग्नानंतर वहिनींचा संसारही तेथेच मांडला गेला. ग्वाल्हेरहून सबलगढला जाणारी ती दोन फुटी रुळांची छोटी गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, काहींनी टपावर बसून प्रवासही केला असेल. जौरा, कैलारस, सबलगढ करीत ती श्योपुरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर जाई. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती थांबली, आणि पुन्हा सुटली नाही. तिच्या जागी आता ब्रॉडगेज येत आहे. अण्णांनी निवृत्तीनंतर जी प्रतिकृती केली ती याच मार्गावरील सबलगढ स्थानकाची. रूळ विलायतेतील पेको कंपनीचे, नऊ मिलिमीटर अंतराचे, लंडनला राहणाऱ्या एका स्नेह्याकरवी मागविलेले. त्यांच्या प्रमाणाने, म्हणजे शहात्तरास एक या हिशेबाने, दोन फुटी रुळांसाठी आठच मिलिमीटर हवे होते. ही एका मिलिमीटरची चूक त्यांना शेवटपर्यंत डाचत राहिली. स्थानकाचे छप्पर त्यांनी जुन्या कॅसेटच्या डब्यांच्या पारदर्शक झाकणांतून कापून, रंगवून केले होते. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘सबलगढ़’. मानचित्रकाराचे अक्षर. नखाएवढ्या जागेत ढ़ च्या खालचा नुक्तासुद्धा त्यांनी सोडला नव्हता.

2023 च्या मे महिन्यात माझी आठ वर्षांची नात इंदूरहून सुटीस आली. तिने फळीवरची चादर दूर केली आणि गाडी चालविण्याचा आग्रह धरला. मी विजेची जोडणी केली. इंजिन वीतभर गेले, अडखळले, दिवा लुकलुकला, थांबले. बोटाने ढकलले की पुन्हा वीतभर. रुळांवरून बोट फिरविले तर बोटाला काळे लागले. दोन वर्षांची घाण होती. पुसली की झाले, असे मला वाटले. कोरड्या फडक्याने ती सहज निघेना, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानातून थिनरची बाटली आणली. कशासाठी हवे, असे दुकानदाराने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

दुपारची वेळ होती. बाहेर लू चालली होती, म्हणून खोलीची दारेखिडक्या बंद आणि ए.सी. चालू. बाटलीचे बूच काढून मी ती फलाटाच्या मागेच ठेवली, फडके भिजविले आणि रूळ घासू लागलो. रूळ खरोखरच लखलखू लागले. मला समाधान वाटले, तेवढ्यात दारातून खोकल्याचा आवाज आला. नातीला दम्याचा त्रास आहे. ती केव्हा दार उघडून आत आली हे मला कळले नव्हते. मी दचकून वळलो आणि माझ्या कोपराचा धक्का बाटलीला लागला.

तिला मी उचलून बाहेर नेले. इनहेलरचे दोन झोत घेतल्यावर पंधरावीस मिनिटांनी तिचा श्वास हळूहळू सरळ झाला. ती पंधरावीस मिनिटे मी विसरणार नाही. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, इतकी वर्षं लोकांची डबकी-बाटल्या तपासल्यात ना तुम्ही?” मग मी खोलीत परतलो. सबलगढचे छप्पर मेणासारखे वितळून फलाटाला चिकटले होते. पिवळ्या पाटीवरील अक्षरे वाहून गेली होती. मी घाईने फडके टेकविले, तर जे थोडे उरले होते तेही फडक्यावर आले.

सौभाग्यवतींच्या प्रश्नाचा खुलासा करावयास हवा. मी मध्य प्रदेश शासनाच्या खाद्य विभागात सदतीस वर्षे काढली आणि सहायक आपूर्ती अधिकारी म्हणून निवृत्त झालो. साखर, गहू यांच्याबरोबर रॉकेल आणि पेट्रोल हा आमच्या तपासणीचा मोठा भाग. पेट्रोलपंपावर गेलो की घनता मोजावयाची आणि गाळणकागदावर एक थेंब टाकावयाचा. शुद्ध पेट्रोल दोनएक मिनिटांत उडून जाते आणि कागदावर डाग राहत नाही. डाग राहिला तर त्यात दुसरे काही मिसळले आहे असे समजावयाचे. हजारो थेंब मी टाकले असतील. परंतु भावाच्या रुळांवर काय ओततो आहोत, ते कशाकशाला लागेल, त्याची वाफ कोठे जाईल, हा एकही प्रश्न मी त्या दुपारी विचारला नाही. दुसऱ्याची बाटली असती तर विचारला असता.

त्यानंतर मी तपास सुरू केला. खात्यातील सवय म्हणा किंवा अपराधाची टोचणी म्हणा.

प्रथम हे समजून घेतले की रुळांवर काळे येते ते कोठून. प्रतिकृतीच्या गाडीला वीज तारेतून नव्हे, रुळांतून मिळते. एका रुळातून बारा व्होल्टचा प्रवाह चाकात चढतो, मोटारीतून जातो आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरतो. चाक आणि रूळ यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढ्या जागी होतो. चाक किंचित उचलले गेले की तेथे डोळ्यांना न दिसणारी ठिणगी उडते. त्या ठिणगीने धातू भाजतो, त्याचा ऑक्साइड होतो; त्यात घरातील धूळ, आसाचे वंगण, प्लॅस्टिकच्या चाकांची झीज मिसळते आणि चाकांखाली दाबून त्याचा थर होतो. थराने वीज अडते, म्हणून आणखी ठिणग्या, म्हणून आणखी थर. आपल्याकडे धूळ अमाप असल्याने हे चक्र अधिक वेगाने फिरते. अण्णांचे रूळ पांढरे दिसतात म्हणून मी लहानपणच्या चांदीशी त्यांचा संबंध जोडीत असे. प्रत्यक्षात ते जर्मन सिल्व्हरचे आहेत. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदीचा कणही नसतो. पितळी किंवा लोखंडी रुळांपेक्षा मात्र ते बरे; पितळेवर चढणारा ऑक्साइड वीज अधिक अडवितो आणि लोखंड आपल्या पावसाळ्यात गंजते.

मग कोणत्या वस्तूने पुसावे? येथे घरोघरी एकेक वैद्य भेटतो. सौभाग्यवतींनी पितांबरीचा डबा पुढे केला. देवाच्या उपकरणांना ती उत्तम. पण भुकटी रुळांच्या फटीत, तेथून इंजिनाच्या दात्यांत जाते, आणि ओल धरली की काम आणखी बिघडते. शेजारच्या इंजिनिअर महाशयांनी पॉलिश पेपर सुचविला. त्याने रूळ क्षणात चमकतात हे खरे. पण धातूवर बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्या चऱ्यांत अधिक घट्ट बसते. भांडी घासण्याचा तारेचा चोथा तर घरातच आणू नये. त्याचे तुटलेले लोखंडी केस इंजिनाच्या मोटारीतील चुंबकाला जाऊन चिकटतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट करतात. घासावयाचेच असेल तर शाळकरी मुलांचे खोडरबर, नाहीतर याच कामासाठी रेल्वेछांदिष्ट वापरतात तो रबराचा ठोकळा. तोही हलक्या हाताने आणि क्वचित.

द्रावकांचा अभ्यास मी अधिक केला, कारण गुन्हा तेथे घडला होता. थिनर म्हणजे एक पदार्थ नव्हे. टोल्युइन, अॅसिटोन आणि इतर काही द्रावकांची ती भेसळच, फक्त कायदेशीर. कॅसेटचे झाकण ज्या पॉलिस्टायरीनचे असते ते त्यात विरघळते. नखांचा रंग काढावयाचे द्रव्य बहुधा अॅसिटोनच असते; त्याचीही तीच गत. पेट्रोलबद्दल बोलावयासच नको. आणखी एक जुने नाव मला आमच्या लहानपणच्या धोब्याकडील बाटलीवरून आठवले: कार्बन टेट्राक्लोराइड. लोकरी कपड्यांवरचे डाग त्याने जात, ते पेटत नाही म्हणून आग विझविण्याच्या उपकरणांतही भरीत, आणि रुळांसाठीही एके काळी लोक ते वापरीत. ते यकृत आणि मूत्रपिंडे बिघडविते हे पुढे सर्वांना पटले. पेटत नाही म्हणजे सुरक्षित, असे त्या वेळच्या शहाण्या माणसांना वाटले होते.

करोनाच्या काळात घरात उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांकडेही माझे लक्ष गेले. त्यात अल्कोहोल असते, मग हरकत काय? मी कपाटातून जुना गाळणकागद काढला. (निवृत्तीच्या वेळी शासकीय वस्तू परत केल्या होत्या, हा कागद पदरचा.) एक थेंब सॅनिटायझरचा टाकला. अल्कोहोल उडाले, पण कागदावर चिकट डाग राहिला. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, तेच ते. रुळांवर ते राहिले असते तर घरातील सगळी धूळ पाहुणी म्हणून आली असती. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली आणली. औषधांच्या दुकानात मिळते त्यात बहुधा तीस टक्के पाणी असते; याच्याकडचे जवळजवळ निर्जळ. त्याचा थेंब काही डाग न ठेवता उडाला. मला इतका आनंद झाला की सौ. पाहावयास आली.

परंतु येथेही मतभेद आहेतच. 2019 साली ‘मॉडेल रेलरोड हॉबिइस्ट’ या अमेरिकन मासिकाने असा विचार मांडला की अल्कोहोलसारखी ध्रुवीय द्रावके रुळांवर सूक्ष्म ठिणग्यांना उत्तेजन देतात, म्हणून रूळ लवकर काळे पडतात. त्याऐवजी रॉकेल, व्हाइट स्पिरिट अशी अध्रुवीय द्रावके वापरावीत. द्रावक किती ध्रुवीय याचे एक माप म्हणजे त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. पाण्याचा 80 च्या आसपास, आयसोप्रोपिलचा 18 ते 20, रॉकेलचा 2 हूनही कमी. अनेकांनी हे मानले. इतरांनी विचारले, जे द्रावक दोन मिनिटांत उडूनच गेले ते नंतर ठिणगीवर परिणाम कसा करील? मला दुसऱ्या पक्षाचा प्रश्न रास्त वाटतो. रॉकेलने रूळ अधिक दिवस स्वच्छ राहत असतील तर ते त्याच्या मागे राहणाऱ्या अतिशय पातळ तेलकट थरामुळे असावेत. हा थर हवेला धातूपासून दूर ठेवतो. पण जास्त झाला तर चाके चढावर घसरतात, इंजिनाच्या चाकांवरील रबरी कडी फुगतात आणि धूळ पुन्हा येतेच. माझा गाळणकागद डागाला दोष मानतो. अण्णा असते तर म्हणाले असते, “तुझा कागद पेट्रोलपुरता.”

रॉकेलाविषयी मला खात्यामुळे आणखी एक गोष्ट ठाऊक होती. द्रवाची वाफ ज्या तापमानापासून ठिणगीने पेटू शकते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्याकडील रॉकेलासाठी तो 35 अंशांहून कमी नसावा असा मानकांचा दंडक. इंग्लंड-अमेरिकेतील छांदिष्ट निर्धास्तपणे रॉकेल सुचवितात, कारण त्यांच्या खोलीत वीसएक अंश तापमान असते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 वर जातो. तिकडे जे जवळपास निरुपद्रवी, ते आमच्या माळ्यावरील खोलीत पेट घेण्याच्या तयारीत बसलेले असते. आयसोप्रोपिलचा हा अंक तर अवघा 12. ते तिकडेही आणि इकडेही सारखेच धोक्याचे, फक्त लवकर उडून जाते एवढेच. आणि रुळांवर ठिणगी उडते हे तर आपण वर पाहिलेच. त्या दुपारी मी विजेची जोडणी काढली होती की नाही हे मला आजही आठवत नाही. नसेन काढली, असे माझे मन मला रात्री-बेरात्री सांगते.

आता माझी पद्धत ठरून गेली आहे. नात घरी असताना द्रावकाची बाटली उघडावयाची नाही. काम सकाळी, खिडक्या उघड्या टाकून. आधी प्लग काढावयाचा. बटण बंद करणे नव्हे, प्लगच. प्रथम कोरड्या सुती कापडाने धूळ पुसावयाची, आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. भागले नाही तर बाटली टेबलाखाली जमिनीवर ठेवून कापडावर आयसोप्रोपिलचे चारच थेंब. रुळांवर कधीच नाही. आधी फळीखालच्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, रंग सुटतो का ते पाहावयाचे, कारण काही रंग अल्कोहोललाही दाद देतात. चाके निराळी पुसावयाची. स्वच्छ रुळांवर घाणेरडी चाके फिरविणे म्हणजे स्नान करून तेच कपडे घालणे. कापडे गुंडाळून कोपऱ्यात न टाकता गच्चीवर पसरून वाळवावयाची. अर्धा तास जाऊ द्यावयाचा आणि मगच वीज. शेवटी मऊ शिशाच्या पेन्सिलीची, 6बी वा 8बीची, एक हलकी रेघ रुळांच्या माथ्यावर. पेन्सिलीतले ग्राफाइट वीज वाहते आणि त्याला धूळ फारशी चिकटत नाही. ही रेघ मी अण्णांची म्हणून ओढतो.

तसे म्हणण्याचे कारण सांगतो. पावसाळ्याच्या आरंभी माळ्यावर अण्णांचे एक लाकडी खोके सापडले. घर रिकामे करताना हमालाने ते इतर सामानात ठेवले असावे. आत जुन्या बनियनचे चौकोनी कापलेले तुकडे, घडी घालून रचलेले. एक खोडरबर, एक 8बी पेन्सिल. आणि औषधाची एक लहान बाटली, तिच्यावर चिठ्ठी नाही. चिठ्ठी नसलेल्या बाटलीचा मला अजूनही राग येतो. बूच उघडून वास घेतला, वास ओळखीचा. बाटली खिडकीपाशी उजेडात धरली. आतील द्रव निळसर होता.

वाचकांपैकी तरुणांना कदाचित हे ठाऊक नसेल. रेशनच्या रॉकेलात निळा रंग घालीत असत, म्हणजे ते काळ्या बाजारात किंवा डिझेलमध्ये गेले तर ओळखता यावे. ते स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठीच वापरावयाचे; इतर कामी वापरणे 1993 च्या आदेशानुसार अपराध होता. मी त्यासाठी किती ट्रक थांबविले, किती दुकानदारांचे खुलासे नामंजूर केले, याचा हिशेब ठेवलेला नाही. आणि माझे सख्खे थोरले बंधू माझ्या नाकाखाली शिधापत्रिकेवरील निळे रॉकेल आगगाडीचे रूळ पुसावयास वापरीत होते. एकदा त्यांनी मला सहज विचारलेही होते, “काय रे, पांढरं आणि निळं रॉकेल, गुणानं काही फरक असतो का?” मी त्यांना अर्धा तास आदेशाची कलमे समजावून सांगितली होती. ते शांतपणे ऐकून घेत होते.

त्या सायंकाळी त्या बाटलीसमोर बसून मला हसू आले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रथमच मी रडलो.

वहिनी नोव्हेंबरात एका लग्नासाठी ग्वाल्हेरला आल्या आणि दोन दिवस आमच्याकडे उतरल्या. फोनवर मी त्यांना काही कळविले नव्हते. सहा महिने मी वाक्ये जुळवीत होतो, छपराची दुरुस्ती करावी की न करावी याचाही विचार करीत होतो, आणि नवे छप्पर केले तर ती लपवालपवी ठरेल असे वाटून हात आवरता घेत होतो. जेवणे झाल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, “गाडी कुठंय?” मी त्यांना खोलीत नेले आणि चादर काढण्यापूर्वी सगळे सांगितले. थिनर, बंद खिडक्या, नातीचा खोकला, कोपर. अधिकाऱ्यापुढे खुलासा द्यावा तसे सांगितले.

त्यांनी चष्मा पुसून वाकून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “छप्पर गेलं होय. सबलगढला आमचंही पहिल्या पावसात गेलं होतं. हे कालव्यावर, आणि मी पिंपावर उभी राहून प्लॅस्टिक बांधतेय.” पुढे विचारले, “पोरीला आता कशी आहे?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

मी खोके आणून त्यांच्यापुढे ठेवले. बनियनचे तुकडे त्यांनी ओळखले. बाटली उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे तर माझ्या स्टोव्हचं. तरी मी म्हणे, महिनाअखेरीस बाटलीभर कमी कसं पडतं! दुकानदाराशी भांडले मी त्यापायी. तुम्हांला सांगून त्याची तक्रारही करायला लावली होती, आठवतं?”

मला आठवले. मी चौकशी केली होती, आणि त्याला ताकीदही दिली होती.

त्यानंतर त्यांनी गाडी चालवून दाखवावयास सांगितली. रूळ सकाळीच पुसलेले होते. इंजिन पहिल्या वळणावर किंचित कुरकुरले आणि मग न अडखळता सगळी फेरी घालून वितळलेल्या छपराखाली आले. मी कळ फिरवून ते फलाटाशी थांबविले. पिवळी पाटी कोरीच होती. तिच्यावर नाव कोणाकडून लिहून घ्यावे, असे मी विचारले.

“त्यांच्यासारखं अक्षर कुणाचं येणार? राहू द्या तशीच,” वहिनी म्हणाल्या. “बाटलीवर मात्र चिठ्ठी लावा. घरात लहान मूल येतं.”

मी कागदाचा तुकडा कापला आणि लिहिले: ‘रॉकेल, निळे. घरात उघडू नये.’ खाली सवयीने तारीख घातली आणि सही केली.